सोळा आण्यांची माती

‘काटेकोर शेती’ हा शब्दप्रयोग मराठीत अलीकडे रुळला आहे. शेत म्हणजे एकजिनसी पदार्थ नव्हे. त्याच्या एका कोपऱ्यातील माती दुसऱ्या कोपऱ्यातील मातीहून निराळी असते, आणि म्हणून पाणी, खत व बियाणे सर्वत्र सारख्या हाताने न टाकता त्या त्या ठिकाणची माती मोजून द्यावे, असा त्याचा मथितार्थ. ही कल्पना उपग्रह आणि संगणक यांच्या जोडीने अमेरिकेतून आली, असा सर्वसाधारण समज आहे. तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु शेताचे खाने पाडून प्रत्येक खान्यातील माती वेगळी तपासण्याचे काम दख्खनच्या पठारावर एकोणिसाव्या शतकातच, गावोगावी आणि ठरीव पद्धतीने, झालेले आहे. ते कोणी केले, कशासाठी केले आणि त्यातून निघालेले आकडे कोणाच्या हाती गेले, हा इतिहास जाणून घेण्याजोगा आहे. कारण आजच्या संवेदकांपुढचा प्रश्न त्याच इतिहासात मुळाशी पडलेला आहे.

जमीन मोजण्याची विद्या इंग्रजांनी येथे आणली असे मात्र कोणी समजू नये. शिवछत्रपतींच्या काळी अण्णाजी दत्तो यांनी केलेली धारेबंदी प्रसिद्धच आहे. पाच हात पाच मुठी लांबीची काठी, अशा वीस काठ्या औरसचौरस म्हणजे एक बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर, हे माप सभासदाच्या बखरीत नोंदलेले आहे. जमिनीची प्रत पाहून सारा ठरविण्याची चाल त्याहूनही जुनी. शेतकऱ्याची स्वतःची शब्दसंपत्ती तर याहून सूक्ष्म होती व आहे. काळी, तांबडी, मळईची, बरड, मुरमाड, चुनखडीची, खारवट, चोपण हे नुसते रंगांचे वा रूपांचे शब्द नव्हेत. प्रत्येक शब्दात त्या मातीचा पाण्याशी असलेला व्यवहार सांगितलेला आहे. चोपण म्हणताच ओली असता चिकटणारी, वाळली असता दगडासारखी होणारी आणि पाणी आत न घेणारी जमीन डोळ्यांपुढे उभी राहते. ‘वाफसा’ या शब्दाला तर तोलाचा परका शब्द शोधून सापडणे कठीण. पाऊस पडून गेल्यावर मातीत ओल आहे पण चिखल नाही, हवाही खेळते आहे आणि कुळव घातला तर ढेकूळ न निघता माती मोकळी होते, अशी जी नेमकी अवस्था, ती वाफसा. मूठभर माती दाबून, गोळा करून, तो फुटतो कसा हे पाहून शेतकरी ती ओळखतो. हे मोजमापच आहे. फक्त त्याला आकडा नाही.

आकड्याची गरज शेतकऱ्याला नव्हती, ती सरकारला होती. १८१८ साली पेशवाई संपली आणि दख्खनच्या साऱ्याचा प्रश्न कंपनी सरकारपुढे उभा राहिला. पुणे जिल्ह्यात पहिली पाहणी केली ती रॉबर्ट कीथ प्रिंगल या मुलकी अधिकाऱ्याने. तो इंग्लंडमधील हेलीबरीच्या विद्यालयात शिकून आलेला. तेथे अर्थशास्त्र शिकवीत असे तो माल्थस. रिकार्डोच्या खंडविषयक सिद्धांताचा पगडा प्रिंगलवर होता. जमिनीच्या उत्पन्नातून लागवडीचा सगळा खर्च वजा करावा, जो निव्वळ नफा उरेल त्याचा शेकडा पंचावन्न भाग सरकारने घ्यावा, असे त्याने ठरविले. कागदावर याहून न्याय्य योजना दिसणार नाही. परंतु निव्वळ नफा काढावयाचा तर प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे पीक, बैलांचा खर्च, मजुरी, बियाणे हे सारे आकडे हवेत. ते आकडे गोळा करणार हाताखालचे कारकून, आणि त्या कारकुनांना काय हवे होते हे सांगावयास नको. मोजणी चुकली, प्रती चुकल्या, लाच देणाऱ्याची काळी जमीन बरड ठरली आणि न देणाऱ्याची बरड काळी. त्यातच धान्याचे भाव कोसळले. शेतकरी जमिनी टाकून शेजारच्या मुलखांत निघून गेले. प्रिंगल प्रामाणिक होता, कष्टाळूही होता. आकडा अतिसूक्ष्म असला म्हणजे तो खरा असतो, या समजुतीने त्याचा घात केला.

त्यानंतर हे काम गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि लेफ्टनंट विंगेट हा इंजिनियर यांच्याकडे आले. त्यांनी सुरुवात इंदापूर तालुक्यापासून केली आणि १८३६ साली तेथे तीस वर्षांच्या मुदतीची नवी जमाबंदी लागू झाली. पुढे डेव्हिडसन हा तिसरा अधिकारी त्यांना मिळाला, आणि तिघांनी मिळून १८४७ साली जो संयुक्त अहवाल लिहिला, तो मुंबई इलाख्याच्या पैमाषीचा पायाच होऊन बसला.

या मंडळींनी निव्वळ नफ्याचा नाद सोडून दिला. शेतात जे डोळ्यांना दिसते आणि हाताने मोजता येते तेवढेच मोजावयाचे, असा त्यांचा निश्चय. जमीन मोजण्यासाठी तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा भाग, त्या भागांनाही नाव आणे. साखळीभर लांब व साखळीभर रुंद तो गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. ही मापे आजही मराठी माणसाच्या तोंडी आहेत, ती येथून आली. मातीसाठी त्यांनी तीन जाती मानल्या : बारीक पोताची काळी ते गडद तपकिरी, तिच्याहून भरड आणि बहुधा तांबडी, आणि तिसरी कंकरमिश्रित, भुसभुशीत, भुरकट. मग पाहावयाची ती खोली. काळी माती पावणेदोन हात खोल असेल तर ती पहिल्या प्रतीची, किंमत सोळा आणे. त्याहून अधिक खोली असली तरी अधिक किंमत नाही. खोली पाव पाव हाताने कमी होत गेली की प्रत एकेक पायरी उतरे, आणि नऊ प्रतींची किंमत सोळा, चौदा, बारा, दहा, आठ, सहा, साडेचार, तीन व दोन आणे अशी लावलेली. याशिवाय मातीचे दोष : चुनखडीचे खडे, वाळूची मिसळ, उतार, पाणी न धरणे किंवा आत न शिरू देणे, पावसाच्या लोंढ्याखाली येणे, झऱ्यांमुळे दलदल राहणे. प्रत्येक दोषाला एक खूण ठरविलेली आणि एका दोषाला एक प्रत खाली.

खोलीवर एवढा भर का दिला गेला, याचे कारण समजून घेतले पाहिजे. दख्खनच्या अवर्षणग्रस्त भागात पीक मरते ते बहुधा ओल संपल्यामुळे. काळी माती जेवढी खोल तेवढे पावसाचे पाणी ती पोटात साठवून ठेवते, आणि आश्विनात पेरलेली रब्बी ज्वारी थंडीभर त्या साठ्यावर जगते. म्हणजे पहार मारून मोजली जात होती ती वरवर पाहता मातीची जाडी. वस्तुतः मोजला जात होता तो पाण्याचा साठा. आजचे मृदाशास्त्र ज्याला मातीची उपलब्ध जलधारणशक्ती म्हणते, तिचाच हा ओबडधोबड पण खात्रीचा अंदाज होता. तिघा अधिकाऱ्यांच्या शहाणपणाचे कौतुक करावयाचे ते या जागी.

कामाची रीत अशी. शेताचा कच्चा नकाशा काढून त्यावर रेघा ओढीत आणि सारखे खाने पाडीत. प्रत्येक खान्यात खणून मातीची जात, खोली आणि दोष पाहावयाचे व नकाशातल्या त्याच खान्यात ते लिहावयाचे. समजा, एका शेताचे चार खाने पडले. पहिल्यात काळी माती पावणेदोन हात, म्हणजे सोळा आणे. दुसऱ्यात काळीच, पण एक हात खोल. ती दहा आण्यांची, परंतु चुनखडीचे खडे असल्याने एक प्रत उतरून आठ आणे. तिसऱ्यात तांबडी अर्धा हात, साडेचार आणे. चौथ्यात पाव हात भुरकट बरड, दोन आणे. बेरीज साडेतीस आणे. तिला चाराने भागले की साडेसात आण्यांच्या किंचित वर. झाले! शेत साडेसात आण्यांचे ठरले, आणि त्या गावाच्या कमाल दराला त्या प्रमाणात कमी करून साऱ्याची रक्कम निघाली.

येथे क्षणभर थांबावयास हवे. सोळा आण्यांचा खाना आणि दोन आण्यांचा खाना एकाच बांधाच्या आत आहेत, ही गोष्ट त्या कारकुनाने टिपली होती. सोळा आण्यांच्या खान्यात दाट पेरणी आणि दोन आण्यांच्या खान्यात विरळ, किंवा तेथे पेरणीच नको, गवत राखावे, असा निष्कर्ष त्या नकाशातून सहज निघाला असता. पण साऱ्याला एकच आकडा लागतो. म्हणून मोठ्या मेहनतीने हाती आलेला मातीचा फरक सरासरीच्या भागाकारात नाहीसा करण्यात आला. नकाशा दप्तरात गेला आणि शेतकऱ्याकडे आली ती फक्त भरावयाची रक्कम. फरक मोजता येत होता. तो मोजून ज्याला उपयोग झाला असता त्याला तो सांगण्याची कोणाला गरज वाटली नाही.

पहिल्या तीस वर्षांत दर हलके असल्यामुळे पडीक जमिनी लागवडीस आल्या, हे कबूल केले पाहिजे. मुदत संपल्यावर इंदापुराची फेरतपासणी झाली आणि सारा निम्म्याहून अधिक वाढला. माती सुधारली होती असे नव्हे. मध्यंतरी अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले होते, पुण्याहून सोलापुराकडे आगगाडी गेली होती, धान्य महागले होते. वाढ झाली ती याच्या जोरावर. लवकरच भाव उतरले आणि वाढलेला सारा भरण्यास सावकाराचे दार ठोठवावे लागले. अखेर १८७४ साली मुंबई सरकारने फेरआकारणीच्या वाढीला मर्यादा घातली : तालुक्यावर शेकडा तेहतीस, एका गावावर सहासष्ट, एका खातेदारावर शंभर. पण १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि दंग्याचे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. दंग्याची कारणे अनेक होती आणि साऱ्याचा त्यात वाटा किती यावर तेव्हाही वाद झाला. १८८३ साली जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात या पैमाष खात्यावरही फटके आहेत. आणि त्याच पुस्तकात माती वाहून जाऊ नये म्हणून ताली-बांध घालण्याचा आग्रहही आहे. मातीची चिंता आणि मोजणीचा राग एकाच लेखणीतून उतरावा, यात नवल नाही.

सोळा आण्यांच्या मातीची पुढची कहाणी मोठी विलक्षण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा वाहू लागला. खोल काळ्या जमिनींना पाणी मिळाले, ऊस उभा राहिला. आणि थोड्याच वर्षांत त्यांतल्या सखल जमिनी पाण्याने फुगून, वर पांढरे क्षार येऊन, पडीक पडू लागल्या. कोरडवाहू शेतीत जी माती पाणी धरून ठेवते म्हणून सर्वश्रेष्ठ, तीच कालव्याखाली पाणी सोडत नाही म्हणून धोक्याची ठरली. पहारीने खोली मोजली होती. निचरा कोणी मोजला नव्हता. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर प्रबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून बसू आणि शिरूर यांनी कालव्यांखालील जमिनींचे उभे छेद घेऊन, थरामागून थर तपासून, १९३८ साली नवे वर्गीकरण मांडले. जमिनीची परीक्षा साऱ्यासाठी नव्हे तर पिकासाठी होऊ लागली ती अशा संकटातून.

याच सुमारास अमेरिकेत, इलिनॉय राज्यात, एक साधी पुस्तिका निघाली. १९२९ साली लिन्स्ली आणि बावर यांनी शेतकऱ्यांना सांगितले, की चाळीस एकरांच्या शेतातून तेवीस ठिकाणची वरची माती घ्या, प्रत्येकीचा आंबटपणा वेगळा तपासा, आकडे शेताच्या नकाशावर मांडा आणि जेथे आंबटपणा अधिक तेथेच चुनखडी अधिक टाका. विंगेटच्या कारकुनाने पाडलेले खाने आणि हे खाने यांत आखणीचा भेद फारसा नाही. भेद आहे तो भागाकाराचा : येथे कोणी सरासरी काढली नाही, आणि नकाशा शेतकऱ्याच्या घरातच राहिला. पुढे खते स्वस्त झाली, यंत्रे मोठी झाली आणि सबंध शेताला सारखाच हात देणे सोपे झाले, तशी ही पुस्तिका विस्मृतीत गेली. १९८० नंतर मिनेसोटात ही कल्पना पुन्हा उचलली गेली, आणि २००० साली अमेरिकन सरकारने स्थाननिश्चितीच्या उपग्रहसंकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकल्यावर ती जगभर पसरली.

मातीतील ओल मोजण्याची उपकरणे मधल्या काळात तयार होत होती. त्यांतले सर्वांत साधे ते ताणमापक. सच्छिद्र चिनी मातीची एक कुपी, तिला जोडलेली पाण्याने भरलेली नळी आणि वर दाब दाखविणारी तबकडी. माती कोरडी होऊ लागली की ती कुपीतून पाणी ओढते आणि काटा चढतो. पिकाच्या मुळाला पाणी ओढावयास किती जोर लावावा लागतो, हे तो काटा सांगतो. म्हणजे वाफशाला आकडा मिळाला. हा काटा सुमारे ऐंशी सेंटीबारपर्यंत काम देतो, त्यापुढे नळीत हवा शिरते. दुसरी जात विद्युत्-शलाकांची. विद्युत्क्षेत्राला मिळणाऱ्या प्रतिसादाचा अंक पाण्यासाठी सुमारे ऐंशी, मातीतील खनिजांसाठी तीन ते पाच आणि हवेसाठी एक असतो. तेव्हा मातीचा एकूण अंक कळला की तिच्यातले पाणी कळते. १९८० साली टॉप आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॅनडात या तत्त्वाला प्रमाणित सूत्राचे रूप दिले. आज नाशिककडील द्राक्षबागांत रोवलेल्या शलाका शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनीवर आकडे पाठवितात ते बहुधा याच तत्त्वाच्या नात्यागोत्यातले आहेत.

दख्खनची काळी माती मात्र या उपकरणांची परीक्षा पाहते. ती वाळली की भेगाळते. कुपीभोवती पोकळी पडते आणि काटा भलतेच काही सांगतो. चिकण अधिक असली, क्षार अधिक असले, तर दुसऱ्या देशाच्या मातीवर बसविलेले सूत्र येथे चुकते आणि ते स्थानिक मातीवर पुन्हा बसवून घ्यावे लागते. शिवाय शलाका कळवते ती आपल्याभोवतीच्या वीतभर मातीची वार्ता. ती सोळा आण्यांच्या खान्यात रोवली आणि पाणी सगळ्या शेताला दिले, तर दोन आण्यांच्या खान्यातले पीक वाळेल. म्हणून शलाका कोठे रोवावी हे ठरविण्यापूर्वी शेताचे खाने पाडून मातीची खोली पाहणे अपरिहार्य आहे.

भारतात मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळा १९५५-५६ साली निघाल्या. प्रारंभी त्या सोळा होत्या. शेतात नागमोडी हिंडून ठिकठिकाणची वीतभर खोलीची माती घ्यावयाची, ती एकत्र कालवावयाची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यावयाचे, असे करीत अर्धा किलो उरवावयाची आणि प्रयोगशाळेस पाठवावयाची. ही रीत निर्दोष आहे, पण पाटीत माती कालवणे म्हणजे पुन्हा सरासरीच. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगढ येथे मृद आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. आम्लता, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म द्रव्ये असे बारा आकडे तिच्यात असतात. कोट्यवधी शेतकऱ्यांच्या हाती आपल्या मातीचा कागद आला, हे इतिहासात प्रथमच घडले आणि त्याचे मोल कमी लेखू नये. तथापि नमुन्यासाठी तेव्हा ठरविलेला चौकोन बागायतीत अडीच हेक्टरांचा आणि कोरडवाहूत दहा हेक्टरांचा होता. २०१५-१६ च्या शेतीगणनेप्रमाणे महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर भरते. म्हणजे एका नमुन्याचा आकडा कोरडवाहू भागात सात शेतकऱ्यांच्या पत्रिकांवर उतरणार, मग त्यांच्यात एक नदीकाठचा असो आणि एक माळावरचा. १८४७ च्या कारकुनाने एकाच सर्व्हे नंबरात अनेक वेळा पहार मारली होती. सारा वसूल करण्यासाठी जो बारकावा परवडला, तो खत देण्यासाठी परवडू नये, हे काही भूषण नव्हे.

२०२४ साली बारामतीला उसाच्या शेतांत मातीतील संवेदक, हवामानाची नोंद आणि उपग्रहचित्रे यांची संगणकाच्या साहाय्याने सांगड घालण्याचे प्रयोग सुरू झाले. सुपे याच तालुक्यात आहे आणि इंदापूर त्याला लागून आहे. आकडे आता तासातासाला येतात आणि शेतकऱ्यालाच दिसतात. ते साठविले जातात मात्र दूरच्या संगणकांत, आणि तेथे त्यांचा मालक कोण, विमा उतरविणाऱ्याने वा कर्ज देणाऱ्याने ते पाहावेत काय, याचे नियम शेतकऱ्याला समजतील अशा भाषेत अजून लिहावयाचे आहेत. ते आधीच लिहिले जावेत. इंदापुराला आपल्या आकड्यांचा अर्थ तीस वर्षांनी, फेरआकारणीच्या दिवशी कळला होता.

राहता राहिली ती जुनी दप्तरे. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आकाराची जी किरकोळ रक्कम आजही छापून येते, तिचे मूळ त्या आण्यांच्या हिशेबात आहे. भूमि अभिलेख कार्यालयांतून त्या वेळच्या प्रतबंदीची पुस्तके आहेत. काही धड, काही कसरीने खाल्लेली. त्यांत खान्याखान्यांतील मातीची खोली हातांच्या मापाने लिहिलेली आहे. त्याच जागी आज पुन्हा खणून पाहिले, तर पावणेदोनशे वर्षांत कोणत्या उतारावरची माती किती वाहून गेली याचा हिशेब शेतवार मांडता येईल. खाने जुळविण्यासाठी टिप्पणे आहेत, खुणांचा अर्थ संयुक्त अहवालात दिलेला आहे. एखाद्या कृषी महाविद्यालयाने एका गावापुरते जरी हे काम हाती घेतले, तरी विद्यार्थ्यांना एका हिवाळ्यात पुरेल एवढेच ते आहे.